पुस्तक कपाटात आहे, पण ॲपमध्ये 'सापडत नाही': कुठून तपासायला लागावे

ग्रंथालयातल्या देवघेवीच्या टेबलावर बसले की आठवड्यातून दोनतीनदा तरी हे घडते. वाचक मोबाइल माझ्यापुढे धरतो, पडद्यावर 'शून्य निकाल', आणि पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात. गेली काही वर्षे मी आमची स्वतःची ऑनलाइन तालिका (म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची यादी), कोशांची ॲप्स, प्रबंधांची भांडारे, स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांची संकेतस्थळे असे मिळेल ते साधन वापरून पाहते आहे. साधन बदलते, तक्रार बदलत नाही. कारणेही फिरून फिरून तीच सातआठ निघतात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे लिहून ठेवते. आधी फुकटातले आणि अर्ध्या मिनिटातले, मग वेळ खाणारे, आणि शेवटी ज्याला आपण हातच लावू नये ते.

लक्षणे

यातले नेमके काय होते आहे ते आधी पाहून घ्या, कारण वाचक सगळ्यालाच 'ॲप बंद आहे' म्हणतो.

– एका लेखकाची चार पुस्तके दिसतात, पाचवे दिसत नाही.
– एका फोनवर सापडते, शेजारच्या फोनवर तोच शब्द टाकून सापडत नाही.
– कुठून तरी कॉपी करून चिकटवले तर सापडते, हाताने टाइप केले तर नाही.
– लेखकांच्या यादीत एकच नाव दोनदा येते, एकाखाली तीन पुस्तके, दुसऱ्याखाली सात.
– पीडीएफ छान वाचता येते, पण तिच्यात एकही मराठी शब्द शोधता येत नाही.
– अक्षरांच्या जागी भलतेच काही दिसते.

या शेवटच्यात चार प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. रिकामे चौकोनी डबे दिसले तर माहिती शाबूत आहे, फक्त त्या यंत्रात फॉन्ट नाही. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची गिचमिड दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. तुटक रेघांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसली तर मात्रा चुकीच्या जागी किंवा दोनदा पडली आहे. आणि नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर खाली शेवटच्या भागाकडे जा, मधले काही करू नका.

पहिली तपासणी: कळफलक आणि मोकळी जागा

फोनवरचा कळफलक मराठी आहे की हिंदी, ते बघा. बोलून टाइप करत असाल तर बोलण्याची भाषाही बघा. पुष्कळ फोनांत कोणी तरी एकदा हिंदी निवडून ठेवलेली असते आणि देवनागरीच दिसते म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. मग सुचवणीत 'कवी'चा 'कवि' होतो आणि आपल्याला वाटते आपण बरोबर लिहिले.

दुसरे, सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवले की बहुतेक कळफलक शब्दापुढे आपणहून मोकळी जागा टाकतात. माणसाला ती दिसत नाही. काही ॲप्स मात्र ती शब्दाचा भाग समजतात. शेवटची जागा पुसून पुन्हा शोधा. जाता जाता गाळणी कुठे लावलेली आहे का तेही पाहा, म्हणजे 'फक्त ई-पुस्तके' किंवा 'फक्त उपलब्ध प्रती'. या एका पायरीवरच बरीच गाऱ्हाणी मिटतात.

दुसरी: कमी लिहा

वाचक पूर्ण शीर्षक, लेखकाचे पूर्ण नाव आणि वर 'पुस्तक' हा शब्द असे सगळे एका ओळीत टाकतात. जेवढे शब्द जास्त, तेवढी एखादा शब्द चुकीचा जुळण्याची शक्यता जास्त. एकच शब्द घ्या, आणि त्यात जोडाक्षर, अनुस्वार, रफार नसेल असा घ्या. आचार्य अत्र्यांचे आत्मचरित्र हवे असेल तर 'कऱ्हेचे' सोडा, नुसते 'पाणी' टाका आणि लेखकाच्या रकान्यात 'अत्रे'. पुस्तक आले तर दोन गोष्टी कळतात. नोंद आहे, आणि घोटाळा सोडलेल्या शब्दात आहे. नोंद उघडून तो शब्द तिथे कसा लिहिला आहे ते नीट बघा. पुढच्या सगळ्या तपासण्यांचा धागा इथूनच मिळतो, म्हणून ही पायरी कितीही घाई असली तरी गाळायची नाही.

तिसरी: जुने शुद्धलेखन

तालिका करताना शीर्षक आतल्या शीर्षकपृष्ठावर जसे छापले असेल तसेच उतरवायचे, असा ग्रंथालयशास्त्राचा दंडक आहे. योग्यच आहे तो. पण आज आपण ज्या नियमांनी लिहितो ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घालून ते अठरा झाले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कोंकण', 'पुणें', 'गांव', 'कांहीं', 'घरें' असे अनुस्वार आहेत. 'कवि', 'गति', 'गुरु' हे शब्द तिथे ऱ्हस्वान्त आहेत. 'ग्रन्थ' आणि 'पण्डित' अर्ध्या न-णाने लिहिलेले आहेत. वाचक शाळेत शिकला तसे 'कोकण' टाकतो आणि ॲपच्या दृष्टीने 'कोकण' आणि 'कोंकण' हे दोन संबंध नसलेले शब्द असतात.

माझा क्रम असा: आधी आजचे रूप, मग अनुस्वार देऊन, मग शेवटची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व करून, मग अनुस्वाराच्या जागी अर्धे अक्षर घालून. स्थानिक इतिहास शोधणाऱ्यांना हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची निम्मी पुस्तके १९६२ च्या आधीची असतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. तिथे जाताना तर डोक्यातले शुद्धलेखन शंभर वर्षे मागे न्यावे लागते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाका. देठाचा श की गाठीचा, पाकळीचा ल की दंडाचा, याचा शोधाशी काही संबंध नाही. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची वळणे ठरवून दिली, पण संगणकात ते अक्षर एकच असते; वळण फॉन्ट ठरवतो. यावर तावातावाने वाद घालणारे वाचक मला भेटले आहेत.

चौथी: नाव नेमके कोणाचे

वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू: नाटक एका नावाने, कविता दुसऱ्या नावाने. चांगल्या तालिकेत एका नावावरून दुसऱ्याकडे 'पाहा' असा निर्देश असतो. पण हा निर्देश कोणी तरी हाताने भरावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो भरलेला नसतो. आद्याक्षरांचाही असाच घोळ. 'पु. ल.', 'पु.ल.' आणि 'पुल' ही यंत्राला तीन वेगळी माणसे. अशा वेळी आद्याक्षरे सोडून नुसते आडनाव आणि शीर्षकातला एक शब्द टाका.

पाचवी: रोमन लिपी

काही भांडारांत मराठी शीर्षके देवनागरीत नसतातच, रोमन लिपीत असतात. इथे 'ज्ञानेश्वरी' हा शब्दच उत्तम चाचणी आहे. आपण मराठी माणसे ती डी-एन-वाय ने सुरू करतो, हिंदीवाले जी-वाय ने, आणि विद्यापीठी पद्धतीत ती जे-एन ने सुरू होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर पद्धतीत च साठी नुसता सी असतो, त्यामुळे 'चरित्र' सी-एच ने लिहिले की त्या पद्धतीच्या तालिकेत काही हाती लागत नाही. शिवाय तिथे 'इतिहास'च्या शेवटी ए येतो. परदेशी ग्रंथालयांच्या तालिकांत शोधताना हे दोन नियम लक्षात ठेवले तरी खूप काम होते.

सहावी: दिसायला एक, आतून दोन

आता खरी गंमत. पहिल्या पाच तपासण्यांत काही निघाले नाही आणि 'कॉपी केले तर सापडते, टाइप केले तर नाही' हे लक्षण असेल, तर जवळजवळ नेहमी दोष इथे असतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, दऱ्याखोऱ्यांतला र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळे अक्षर, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायचे चिन्ह), मग पुढचे अक्षर. दोन, साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग पुढचे अक्षर. पडद्यावर दोन्ही 'ऱ्ह' म्हणूनच उमटतात. डोळ्यांनी फरक कळणे शक्य नाही. 'कऱ्हाड' शोधणाऱ्याचा कळफलक एका जातीचा आणि नोंद करणाऱ्याचा दुसऱ्या जातीचा असला, की गाव नकाशावरून पुसले गेल्यासारखे होते.

ॲरिस्टॉटलचा ॲ तर तीन तऱ्हांचा. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी आणि नंतरही लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि काही जण मधे ते अदृश्य जोडचिन्हही घालत होते. म्हणजे जुन्या नोंदीत एक, नव्या नोंदीत दुसरे.

तिसरा भिडू विसर्ग. 'दुःख' मधला विसर्ग हे देवनागरी चिन्ह आहे, पण पुष्कळांनी तिथे इंग्रजी अपूर्णविराम मारलेला असतो. दिसतो तसाच.

आणि आकडे. ग्रंथाच्या नावात १८५७ असेल तर ते देवनागरी अंकांत आहेत की इंग्रजी, हे दोन्ही करून बघा.

ओळखायचे कसे? एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये तो शब्द एका घरात चिकटवा आणि शेजारच्या घरात लेन (LEN) हे सूत्र लावा. हे सूत्र घरातली चिन्हे मोजते, अदृश्य धरून. 'ॲ' चे उत्तर एक आले तर ते स्वतंत्र अक्षर, दोन आले तर अ वर चंद्र, तीन आले तर मधे अदृश्य चिन्ह. नुसते 'ऱ्ह' चिकटवले तर पहिल्या तऱ्हेत तीन, दुसऱ्या तऱ्हेत चार. विसर्गाला हा उपाय चालत नाही, कारण विसर्ग काय नि अपूर्णविराम काय, मोजणीत एकच. तिथे ते एकटे चिन्ह घरात ठेवून युनिकोड (UNICODE) हे सूत्र लावा. ५८ आले तर अपूर्णविराम, २३०७ आले तर खरा विसर्ग.

सापडलेला दोष एकदोन नोंदींत असेल तर नोंद उघडून दुरुस्त करा आणि पुढे जा. शेकडो नोंदींत असेल तर हात आवरा. माझे काय झाले ते सांगते. एकदा मी सगळ्या नोंदी बाहेर काढून 'शोधा आणि बदला' केले: जुन्या तऱ्हेचा अर्धा र काढायचा, नव्या तऱ्हेचा घालायचा. शोधायच्या चौकटीत मी जे चिकटवले त्यातले अदृश्य चिन्ह वाटेत कुठे तरी गळून पडले होते. मला दिसणार कसे? उरला तो साधा र आणि हलन्त, म्हणजे प्रत्येक रफार. दुसऱ्या दिवशी 'कार्य' चे 'काऱ्य' झाले होते, 'अर्हता' ची 'अऱ्हता', आणि आचार्य अत्रे 'आचाऱ्य' म्हणून यादीत बसले होते. आदल्या दिवशीची प्रत जपून ठेवली होती म्हणून निभावले. तेव्हापासून मूळ फाइलला मी बदलासाठी हात लावत नाही, आणि बदल दहा नोंदींवर करून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

सातवी: पीडीएफच्या पोटात काय आहे

प्रबंध आणि जुनी पुस्तके शोधणाऱ्यांची ही अडचण. पीडीएफमधल्या एका ओळीवर बोट दाबून धरा. ओळ निवडता आली नाही तर ते पान म्हणजे फोटो आहे, त्यात अक्षरे नाहीतच. शोध कशात करणार? ओळ निवडता आली तर कॉपी करून टिपणवहीच्या ॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटले तर ठीक. गिचमिड उमटली तर तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा एखाद्या जुन्या फॉन्टातला आहे. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला मराठी दिसते आणि यंत्राला इंग्रजी. छापण्यापुरते हे झकास चालले. शोधायची वेळ येईल असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

फोटो असेल तर अक्षरओळख करून घ्यावी लागते. गुगल ड्राइव्हमध्ये फाइल टाकून ती डॉक्समध्ये उघडली की पानातला मजकूर बाहेर येतो. लांब कामासाठी टेसरॅक्ट हे मुक्त साधन आहे. त्यात मराठीची माहिती हिंदीपेक्षा वेगळी दिलेली आहे, तीच निवडा. स्वच्छ छपाई असेल तर निकाल वापरण्याजोगा येतो. निर्णयसागर वळणाच्या जुन्या ठशांची, शाई पसरलेली पाने असतील तर ध-घ, भ-म, ब-व, थ-य यांची अदलाबदल धरूनच चाला आणि शोधतानाही तसे करून पाहा.

जुन्या फॉन्टाला रूपांतरक लागतो. प्रत्येक फॉन्टाचा रूपांतरक वेगळा, हे विसरू नका. शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या रूपांतरकात घातला तर एका गिचमिडीची दुसरी होते. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, आणि रूपांतरक चुकतात ते नेमके याच ठिकाणी. अर्ध्या पानाचे काम असेल तर सरळ हाताने टाइप करा, वेळ वाचेल.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

प्रश्नचिन्हांपासून सुरुवात. नोंदीत मराठीच्या जागी '?????' दिसत असेल तर बहुतेक वेळा माहिती साठवतानाच हरवलेली असते. कोणत्याही रूपांतरकाने ती परत येत नाही, कारण प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह झाले की मूळचे अक्षर कोणते होते याची खूणच उरत नाही. नेहमीचे कारण म्हणजे एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर-फाइलीत) जतन करणे. 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायला हवा होता. अशी फाइल प्रणालीत चढवली गेली असेल तर नवीन नोंदी करणे त्याच क्षणी बंद करा. जितके काम पुढे जाईल तितके जुन्या प्रतीवरून परत येणे अवघड.

दुसरी वेळ: 'कऱ्हाड' सारखे शब्द सगळ्याच नोंदींत, सगळ्याच फोनांवर सापडत नाहीत. मग दोष नोंदींत नाही, शोधाच्या अनुक्रमणिकेत आहे. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर झेब्रा ही शोधयंत्रणा सीएचआर पद्धतीने अनुक्रमणिका बनवते की आयसीयू पद्धतीने, हे विचारा. देवनागरीसाठी आयसीयू लागते. (दवाखान्यातले नव्हे, युनिकोडच्या सामग्रीचा तो एक संच आहे.) पद्धत बदलली की सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते, आणि ते सर्व्हरवर बसून करायचे काम आहे. ग्रंथपालाने ते संध्याकाळी कुलूप लावता लावता करू नये.

तिसरी वेळ: तंत्रज्ञ म्हणतो, 'आमच्याकडे नॉर्मलायझेशन चालू आहे, तो प्रश्नच येत नाही.' येतो. युनिकोडचे ठरीव नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची रीत, ऱ आणि नुक्त्याचा र यांना एक मानते. पण दऱ्याखोऱ्यांतल्या र ची ती दोन रूपे ते एक करत नाही, आणि ॲ ची तीन रूपेही नाही. अदृश्य चिन्ह गाळून टाकले तर भागत नाहीच, उलट दुसऱ्या तऱ्हेचा र यंत्राच्या लेखी रफार होतो. यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, नोंद साठवताना एक आणि वाचकाचा शब्द घेताना तोच. हे एवढे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

बोलावण्याआधी पाचदहा नोंदींची यादी तयार ठेवा: दाखल क्रमांक, वाचकाने काय टाकले, कोणत्या कळफलकावरून, कॉपी करून सापडले का, आणि लेनचे उत्तर. पडद्याचे फोटोही. 'मराठी चालत नाही' एवढ्यावर आलेला माणूस फॉन्ट टाकून निघून जातो, हे मी दोनदा पाहिले आहे. काम सुरू करण्याआधी माहितीची प्रत काढली का आणि ती परत बसवून बघितली का, हे दोन्ही विचारा.

आणि दुरुस्ती झाली असे सांगितले की हे शब्द त्यांच्यासमोर दोन वेगवेगळ्या फोनांवरून टाकून बघा: कऱ्हाड, दऱ्या, कार्य, ॲरिस्टॉटल, दुःख, ज्ञानेश्वरी, कोंकण, १८५७. 'कार्य' मी मुद्दाम घातला आहे.